पत्र्याच्या डब्यातलं दिवेआगर

रेल्वेलाईन्सवाली

गेल्या महिन्यात आमचं रेल्वे लाईन्समधलं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावर गोडेतेलाचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात पत्रांची तार. ज्यांच्या घरी अशी तार होती त्यांना सांगायला नको. खाली लाकडाची चकती, वर आकडा, आणि आलेलं कार्ड वाचून झालं की पोटात भोसकून ओवायचं. एकशे बारा कार्डं निघाली, सगळी एकाच हातची.

आजोबा मूळचे दिवेआगरचे, श्रीवर्धन तालुक्यातले. तरुणपणी सोलापुरात एका गिरणीत हिशेबनीस म्हणून आले नि इथलेच झाले. धाकटा भाऊ, आमचे अण्णाआजोबा, गावी वाडी सांभाळत राहिला. महिना-दोन महिन्यांनी त्यांचं कार्ड यायचं. मजकूर सगळा वाडीचा. सुपारी किती उतरली, कुठला माड वाळला, विहिरीला पाणी किती हात. 'कळावे, लोभ असावा'च्या आधी जागा उरलीच तर माणसांची खुशाली.

या गठ्ठ्यात फक्त तीन कार्डं चित्राची आहेत. चित्राची म्हणजे दुकानात मिळायची ती रंगीत नव्हेत. मागे पोस्टकार्डाच्या रेघा छापलेल्या कागदावर काढलेले फोटो. त्यातल्या एकाने मला महिनाभर झोपू दिलेलं नाही.

धाकट्या वाडीच्या आगरदारातून, म्हणजे घराच्या वाडीकडच्या दारातून, समुद्राच्या दिशेने काढलेला फोटो. उजवीकडे विहीर, तिच्यावर रहाट, मडक्यांची माळ अर्धी दिसते. डावीकडे उंडीचं मोठं झाड. अंगणात काहीतरी वाळत घातलंय. आणि मागे, फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, केवड्याचं बन. माणसाच्या दीडपट उंच आणि काळंकुट्ट. तारेचं भोक बरोबर बनाच्या मधोमध पडलंय. समुद्र कुठेच नाही. पाठीमागे अण्णाआजोबांनी लिहिलंय:

'फोटोवाला श्रीवर्धनाहून आला होता. समुद्र काढा म्हटले तर म्हणाला बन आड येते. तरी काढून घेतला, पैसे द्यायचेच होते.'

मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो तेव्हा मी त्याच आगरदारात उभी राहिले. समोर समुद्र. आडवं काही नाही. पायरीवर बसून लाटा मोजाव्यात इतका समोर.

आईचं म्हणणं, समुद्र पुढे आला. गावात पुष्कळ जण तेच म्हणतात. मला शंका आहे. कार्डावर तारीख नाही, तिकीट कुणीतरी (बहुधा माझ्याच वडिलांनी) संग्रहासाठी सोडवून घेतलंय, शिक्का अर्धा गेलाय. प्रेषकाचा पत्ता 'जि. कुलाबा' असा आहे. पिनकोड नाही. जाणकारांनी मदत करावी.

हिप्परग्याचा_बगळा

ताई, छान सापडलंय. तिकिटं जमवण्यात माझी चाळीस वर्षं गेली, म्हणून पहिला हात मारतो.

श्रीवर्धन तालुका 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. विलीनीकरणानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला. कुलाब्याचं रायगड झालं 1981 साली. पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. म्हणजे तुमचं कार्ड 1948 आणि 1972 यांच्या मधलं. पिनकोड आला म्हणून सगळ्यांनी लगेच लिहायला घेतला असं नाही, तेव्हा वरच्या टोकाला दोन-चार वर्षं सैल धरा.

मजकुरात पैशाचा उल्लेख आहे का? 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले.

रेल्वेलाईन्सवाली

काका, आहे. 'फोटोस चौदा आणे पडले.'

गठ्ठ्यातल्या अगदी तळाच्या चार कार्डांवर 'संस्थान जंजिरा' आहे, हे तुम्ही सांगितल्यावर बघितलं.

हिप्परग्याचा_बगळा

आण्यांवर विसंबू नका. आमचे वडील 1975 सालीसुद्धा चार आणे, आठ आणेच म्हणायचे. घरातल्या कुणाचा उल्लेख बघा. जन्म, मुंज, शाळा, असं काही.

कडक_भाकरी

तिकडं फोटोवाल्याला समुद्र दिसंना, इकडं आमच्या सोलापुरात चार-पाच दिवसानं नळ आला तर समुद्र आल्यासारखं करतेत लोकं. लई भारी धागा ताई. बाकीचे दोन फोटो टाका की.

बाय द वे समुद्र पुढंच आलाय. ग्लोबल वॉर्मिंग. त्यात शंका कसली बे.

रेल्वेलाईन्सवाली

सापडलं! त्याच कार्डाच्या कडेला, आडवं लिहिलंय: 'चि. बाबू शाळेत बसला का?' बाबू म्हणजे माझे वडील, जन्म 1946. म्हणजे 1952 च्या आगेमागे.

बाकीच्या दोन फोटोंत एक रूपनारायणाच्या देवळासमोरचा ग्रुप आहे, एक आजीचा लुगड्यातला. त्यात जमीन फारशी दिसत नाही.

भाकरी, वॉर्मिंग खरंच आहे, पण या फोटोपुरतं ते लागू होतं का हे बघायचंय. आणि मला एक मोजमाप मिळालंय. 1960 च्या सुमाराचं, 'नये पैसे' छापलेलं एक कार्ड आहे. मोजणीवाला आला होता, त्याचा हिशेब अण्णाआजोबांनी भावाला कळवलाय:

'विहिरीच्या काठापासून बनापर्यंत 40 पावले. बन 60 पावले रुंद. उधाणाचे पाणी बनाच्या मुळाशी येते, आत येत नाही. मर्यादवेल आहे तेथवर.'

म्हणजे विहिरीपासून उधाणाच्या रेघेपर्यंत 100 पावलं. मी मे महिन्यात भरतीला काटक्या आणि फेस येऊन थांबतो तिथपर्यंत चालत गेले. 112 भरली. माझी पावलं लहान आहेत.

मंगळवारपेठी

मर्यादवेल म्हणजे काय? पहिल्यांदाच ऐकला शब्द. किती सुंदर आहे.

रोठा

मी दिवेआगरचाच, धंद्यानिमित्त सध्या बोर्लीला. मर्यादवेल म्हणजे वाळूवर पसरणारा वेल. पान आपट्यासारखं दोन भागांचं, फूल जांभळं, तोंड गारवेलाच्या फुलासारखं. समुद्राने जिथवर यायचं तिथवरच हा उगवतो, त्याच्या पुढे वाळूत काही टिकत नाही. वाळू धरून ठेवतो. त्याच्या मागे केवडा, केवड्यामागे उंडी, करंज, आणि मग वाडी. आमच्याकडे जुन्या वाड्या सगळ्या या क्रमानेच.

ताई, तुमची वाडी कुठली ते मला साधारण कळलं, पण इथे लिहीत नाही.

निवृत्त_विहिरी

भूजलाच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून नाक खुपसतो. पावलांची मोजणी कौतुकाची आहे, पण दोन अडचणी.

पहिली, ऋतू. पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यापासून परत आणून टाकतात. त्यामुळे तीच पुळण ऑगस्टमध्ये अरुंद आणि मेमध्ये रुंद दिसते. तुम्ही मेमध्ये मोजलंत. मोजणीवाला कधी आला होता? आणि तुमच्या आजोबांनी 'उधाण' म्हटलंय, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. तुम्ही मोजलीत ती कुठल्या तिथीची?

दुसरी, पावलं. उंच माणसाची 100 आणि तुमची 112 यातून 'समुद्र हलला नाही' असं ठामपणे निघत नाही. 'वाडी गिळायला आलेला नाही' इतकं निघतं.

रेल्वेलाईन्सवाली

मान्य. तिथी बघितली, पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस होता, तेव्हा उधाणाच्या जवळपास. मोजणीच्या कार्डावरचा शोलापूरचा शिक्का जानेवारीचा आहे. (आपल्या गावाचं नाव इंग्रजीत 'शोलापूर' असं छापलेलं बघून अजून गंमत वाटते.) दोन्ही वेळा पावसाळा नाही, एवढं तरी जुळतं.

फोटोतला ऋतू मात्र मला सांगता आला नव्हता. काल भिंग लावून बघितलं. अंगणात वाळत घातलंय ते सुपारी आहे. पसरलेली, मधे फिरायला एक वाट सोडलेली.

रोठा

मग फोटो थंडीतला. सुपारी दिवाळीच्या आसपास उतरायला लागते आणि महिना-दीड महिना उन्हात वाळते. माघापर्यंत अंगणं भरलेली असतात. पावसाळ्याआधीचा असता तर पाऊस अडवायला घराला झापांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची, झड बांधलेली दिसली असती.

हिप्परग्याचा_बगळा

वा! तिकीट नसताना साल आणि ऋतू दोन्ही लागले.

एक अवांतर. दिवेआगरचं नाव मराठी माणसाला दुसऱ्या कारणाने ठाऊक असायला हवं. शके 982 चा, म्हणजे 1060 चा मराठी ताम्रपट तिथला. आणि आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके 940 चा मराठी शिलालेख आहे. ताईंचे आजोबा एका जुन्या मराठीतून उठून दुसऱ्या जुन्या मराठीत आले म्हणायचे.

कडक_भाकरी

म्हणजे आपण 42 वर्षांनी सिनिअर. नोंद घ्यावी.

रेल्वेलाईन्सवाली

😀 घेतली.

आता मुद्द्यावर येते. 100 पावलांपैकी 60 पावलं केवडा होता. तो कुठे गेला? मी कार्डं ओळीने लावून वाचली. अण्णाआजोबांनी 'बन गेले' असं एकाही कार्डात लिहिलेलं नाही. थोडं थोडं, दुसरंच काही सांगताना येतं.

एकात: 'होड्या ओढावयास बनातून वाट पाडली, बरे झाले, वळसा वाचला.'

पुढे, भूकंपाच्या कार्डात ('परवा पहाटे अंथरूण हलले, विहिरीचे पाणी हेलकावत होते', हा कोयनेचा, 11 डिसेंबर 1967, त्यामुळे शिक्क्याची गरजच नाही): 'वाटेच्या दोन्ही अंगांस केवडा वाळला, वारा आत येतो.'

मग पिनकोड असलेल्या एका कार्डात: 'जंगल खात्याने वाळूत सुरूची रोपे लावली. फार झटपट वाढतात. मुले सावलीत खेळतात. केवड्यात साप निघत, ते भय गेले.'

सगळीकडे आनंदच आहे हो. वळसा वाचला, साप गेले, सावली आली. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

मंगळवारपेठी

हे वाचून उठून सासऱ्यांचं कपाट उघडलं. त्यांच्याकडे सोलापूरचं एक जुनं चित्रकार्ड आहे, किल्ल्याच्या बाजूने काढलेलं. मधोमध तळं, तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ. आजवर शंभर वेळा बघितलं असेल, दर गड्ड्याच्या जत्रेला पाहुण्यांना दाखवतो. आज पहिल्यांदा देवळाच्या मागे बघितलं. बारीक बारीक चिमण्या आहेत, आणि सगळ्यांचा धूर एकाच बाजूला वाकलेला. देऊळ आजही तिथेच आहे. धूर नाही.

सासरे गिरणीत होते. भोंगा झाला की घरात दिवा लावायचा, अशी वेळ पाळायचे. कार्डावर चिमण्यांविषयी अक्षर नाही. 'श्री सिद्धेश्वर मंदिर' एवढंच छापलंय.

कडक_भाकरी

काकू, 2023 च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अर्धं गाव मोबाईल धरून उभं होतं. मीपण. व्हिडिओ हाय माझ्याकडं. चिमणी उभी असतानाचा एकबी फोटो नाय. आत्ता शोधायलोय.

निवृत्त_विहिरी

ताई, विहिरीचा काही उल्लेख कार्डांत आहे का? पाण्याच्या चवीचा?

रेल्वेलाईन्सवाली

भरपूर. सर्वांत जास्त विहिरीचाच. हे बघा, एकापाठोपाठ एक:

'विहिरीवर इंजीन बसविले. रहाट काढून पडवीत ठेवला. बैल विकला, वाईट वाटले.'

'इंजिनाने दोन तासांत सगळे आगर शिंपून होते.'

'उन्हाळ्यात पाणी मचूळ लागते. चहा फुटतो.'

हे शेवटचं दुसऱ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी आहे.

निवृत्त_विहिरी

हेच ऐकायचं होतं. किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाली मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 फूट वर असेल तर खाली सुमारे 40 फूट गोडं पाणी असतं. आता उलटा हिशेब करा. उपसा करून वरची पातळी 1 फूट उतरवलीत, तर खालून खारं पाणी 40 फूट वर सरकायला बघतं. लगेच नाही, पण बघतं.

रहाटाला हे जमत नसे. बैल दमतो, माणूस जेवायला जातो, मडक्यात येईल तेवढंच पाणी येतं, आणि तोवर विहीर भरून येते. इंजीन दमत नाही.

म्हणजे समुद्र पुढे आला हे तुमच्या आईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. वाळूवरून आला नसेल. खालून आला.

मंगळवारपेठी

अंगावर काटा आला.

रेल्वेलाईन्सवाली

काका, हे आईला वाचून दाखवलं. 'मग मी काय सांगत होते' म्हणाली आणि उठून गेली.

रोठा

सुरूचं पुढे काय झालं ते मी सांगतो, कारण ते कार्डावर येणार नाही.

1997 ला वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि गावाचा चेहरा बदलला. पर्यटक, घरगुती खानावळी, उकडीचे मोदक, खोल्या. 2012 ला दरोडा पडला, राखणदारांचे जीव गेले, मूर्ती गेली. तरी माणसं येत राहिली, समुद्रासाठी. सुरूच्या बनात गाड्या लावायची सोय होती, सावली होती.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच आत शिरलं. दुपारी बाराच्या पुढे वारा जो सुटला. सुरू दिसायला उंच पण वाळूत मूळ खोल नाही, ते आधी गेले. मग वाऱ्याला मोकळं रान मिळालं. सुपारी दाट लावलेली असते, एकटी पडत नाही, शेजारच्या चारांना घेऊन पडते. माड मधेच पिळून मोडले. संध्याकाळी वारा थांबला तेव्हा वाडीत चालायला जागा नव्हती. कित्येक दिवस वीज नव्हती.

आमच्या ओटीवरून त्या दिवशी समुद्र दिसला. माझ्या उभ्या आयुष्यात दिसला नव्हता. आई आली, बघितलं आणि ओटीचं दार लावून घेतलं.

नवी सुपारी लावली, पण फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. आता कुठे थोडीफार दिसतेय.

हिप्परग्याचा_बगळा

रोठा, नमस्कार तुम्हाला.

ताई, एक विचारू का? शेवटचं कार्ड कुठल्या सालचं?

रेल्वेलाईन्सवाली

1998. 'गणपतीस फार गर्दी. रस्त्यावर गाड्याच गाड्या. चि. सुनेने चार माणसांचे जेवण घातले, पैसे घेतले, मला संकोच वाटला.' पुढे फोन आला असावा. त्यांच्या जाण्याचं पत्र तारेवर नाही. कोपरा फाडलेलं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडून टाकतात. म्हणून या डब्यात कुणीच गेलेलं नाही.

कडक_भाकरी

ताई 🙏

चिमणीचा फोटो सापडला. पाव्हण्यांच्या लग्नाचा हाय, नवरदेवाच्या डोक्यामागं दिसायलीय.

रोठा

ताई, काल तुमच्या फोटोची प्रिंट घेऊन जागेवर जाऊन आलो. विहीर आहे, वर जाळी आणि मोटर. उंडी आहे! तीच, खोडाला तसाच बाक. वादळात एक फांदी गेलीय, बाकी उभी. तिला झोपाळा टांगलाय आणि खिळा मारून एक पाटी लावलीय. केवडा तुमच्या समोर नाही, पण खाडीच्या अंगाला अजून थोडा शिल्लक आहे. फांदी तोडून ओल्या वाळूत खोवली तर लागतो. पावसाच्या तोंडाला लावावा.

निवृत्त_विहिरी

पहिल्या फळीत मर्यादवेल लावा, नाहीतर वाळू उडून केवड्याची रोपं गाडली जातील.

रेल्वेलाईन्सवाली

रोठादादा, उंडीचं वाचून आई रडली. त्या झाडाच्या बियांचं तेल काढून लग्न होऊन आल्यावर तिने दिवे लावलेत.

केवडा लावायचं माझ्या डोक्यात बसलंय. वाडी आता चुलतभावाकडे आहे, उंडीवरची पाटी त्याचीच. त्यावर काय लिहिलंय ते तुम्ही सभ्यपणे सांगितलं नाहीत, मी सांगते: 'सी व्ह्यू रूम्स'. काल रात्री भीतभीत फोन केला. फोटोची हकीकत सांगितली, फोटोवाल्याच्या चौदा आण्यांची सांगितली, तो खूप हसला. म्हणाला, जूनमध्ये ये, फांद्या मी आणून ठेवतो. विहिरीसमोर हवा तेवढा लाव.

मग जरा थांबून म्हणाला, पण वरच्या तीन खोल्यांसमोर नको हं.